अर्धी फेरारी

फेरारी २५० जीटीओ ही शर्यतीची मोटार १९६२ ते १९६४ या काळात अवघ्या ३६ नगांत घडली, आणि तिचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मोदेनातील स्काल्येत्ती यांच्या कारखान्यात कारागिरांनी हाताने ठोकून आकाराला आणल्यामुळे एक गाडी दुसरीसारखी नाही. इतकेच काय, एकाच गाडीचे डावे अंग उजव्याशी तंतोतंत जुळेल याचीही हमी नाही. संगणकावर तिची त्रिमितीय प्रतिकृती, म्हणजे हजारो बहुकोनांच्या जाळीतून उभारलेला आकार, घडवणारा आधुनिक कारागीर मात्र अर्धीच गाडी घडवतो आणि ‘मिरर’ या आज्ञेने उरलेली अर्धी आयती पदरात पाडून घेतो. मूळ कारागिरांना न साधलेली ही निर्दोषता भलतीच खोटी दिसते, हे ध्यानात आल्यावर तो टेक्स्चरमध्ये, म्हणजे पृष्ठभागावर चढवायच्या चित्रात, रात्र रात्र जागून ओरखडे, धूळ आणि तेलाचे डाग भरतो (दाराच्या कडेचा उडालेला रंग तर, मान्य केलेच पाहिजे, अस्सल वठतो). तीन लिटरच्या बारा सिलिंडरी इंजिनाच्या जागी बहुधा पोकळीच असते, कारण बॉनेट उघडायचे नसते. २०१८ साली कॅलिफोर्नियातील लिलावात एक खरी जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरना विकली गेली. ‘मिरर’ची सोय असलेली ब्लेंडर ही संगणकप्रणाली फुकट मिळते.