बॅटरीच्या उजेडात

आमच्या घरात कुठलंही यंत्र बिघडलं की निदान ज्येष्ठताक्रमाने होतं. त्या यंत्रातलं कोणाला काय कळतं, हा मुद्दा गौण. त्यामुळे माझा मॉनिटर लागला, दोन सेकंद उजळला आणि मिटला, तेव्हा पहिला मान सासऱ्यांचा होता.

आबांनी तळहात उगारला. त्यांच्या पिढीने पुण्यातल्या गच्च्यांवर चढून अँटेना सिंहगडाकडे वळवल्यात, ‘आलं का?’ ‘आलं होतं, गेलं!’ अशा आरोळ्या दिल्यात आणि खोक्याएवढ्या टीव्हीच्या पाठीत धपाटे घालून चित्र ताळ्यावर आणलंय. त्यात शास्त्रही होतं. तापून-निवून आतल्या झाळकामाचे सांधे सैल व्हायचे आणि दणक्याने तात्पुरते जुळायचे. पण या चपट्या मॉनिटरला धपाटा घालायला पाठच नाही. आबांचा हात काही काळ हवेत राहिला. मग तो त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून फिरवला.

“कंडेन्सर गेलाय,” ते म्हणाले.

हे ते रेडिओच्या काळापासून प्रत्येक बिघाडाला म्हणतात. पंख्याच्या बाबतीत ते खरंही निघतं. पण एकदा इस्त्रीलाही म्हणाले होते, त्यामुळे कोणी लक्ष दिलं नाही.

मग नवरा. त्याने निळ्या तोंडाची वायर काढली, तिच्या पंधरा पिना डोळ्यांजवळ नेऊन तपासल्या, फुंकर मारली आणि परत लावली. फुंकरीचा उपयोग काय, हे मी विचारलं नाही. संसारात काही प्रश्न टाळलेले बरे. पुढे मात्र त्याने खरोखरच शहाणपणाची गोष्ट केली. मॉनिटरला स्वतःचा लॅपटॉप जोडला. तोही दोन सेकंद दिसून गुडुप. म्हणजे कॉम्प्युटर निर्दोष सुटला.

हेल्पलाइनवरच्या मुलीने फार गोड आवाजात विचारलं, “मॅडम, स्क्रीनवर काय दिसतंय?”

“काहीच नाही.”

“ओके. मग स्क्रीनवरच्या मेनूमध्ये जा.”

इकडे माझा जीव टांगणीला. दिवाळी अंकाचा लेख त्याच दिवशी पाठवायचा होता. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि माझा अंदाज असा की लेखकांनी उशीर करायची प्रथाही त्याच वर्षीची. लेख कॉम्प्युटरमध्ये होता, कॉम्प्युटर ठणठणीत होता, नवऱ्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपला परका पेनड्राइव्ह चालत नव्हता.

शेवटचा नंबर लेकीचा. तिने खोलीतले दिवे घालवले आणि मोबाइलची बॅटरी काळ्या पडद्यावर तिरकी धरली. पडद्याच्या पोटात माझा लेख अंधुकसा दिसत होता!

चित्र गेलेलंच नव्हतं, गेला होता तो उजेड. या जातीच्या पडद्यातले द्रवस्फटिक स्वतः प्रकाशत नाहीत. ते नुसते प्रकाश अडवायचं किंवा सोडायचं काम करतात. प्रकाश येतो मागच्या बारीक ट्यूबमधून, आणि तिला पेटायला शेकडो व्होल्ट लागतात. ते इन्व्हर्टर नावाची छोटी पाटी तयार करते. तिथे काही बिनसलं की संरक्षण म्हणून ट्यूब विझते आणि चित्र अंधारात आपलं चालूच राहतं.

मग आमची मोहीम सुरू झाली. आबांनी बॅटरी धरायची, लेकीने माउसचा बाण हुडकायचा, मी क्लिक करायचं. ई-मेल उघडला, फाइल चिकटवली, आता फक्त ‘पाठवा’चं बटण राहिलं, तर उजेड भलतीकडेच. शेजारच्या खिडकीत लेख उघडा होता, आणि आबा दुसरा परिच्छेद वाचत होते.

“सूनबाई, हा म्हातारा म्हणजे मीच का?”

“आबा, बटण!”

“काढ ते. लोक काय म्हणतील?”

बॅटरी त्यांच्या हातात असल्यामुळे वाटाघाटी लांबल्या. शेवटी लेकीने स्वतःचा मोबाइल काढून घेतला आणि लेख गेला, परिच्छेदासकट.

दुसऱ्या दिवशी मॉनिटर बुधवार पेठेत नेला. आबा अर्थातच बरोबर. पासोड्या विठोबाजवळच्या बोळातल्या कारागिराने कडेच्या फटीत जुनं कार्ड घालून झाकण उचकटलं आणि वीजपुरवठ्याच्या पाटीवर बोट ठेवलं. दोन कॅपॅसिटर माथ्यावर फुगले होते. माथा सपाट हवा. या शतकाच्या सुरुवातीला सदोष द्राव भरलेले असले कॅपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांत जाऊन बसले होते म्हणे. आमचे मात्र पुण्याच्या उन्हाळ्यांनी पिकलेले. त्याने 1000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचे नवे काढले, उण्याची पट्टी नीट बघून झाळले. उलट लावला तर फुटतो.

“म्हणजे कंडेन्सरच ना?” आबांनी विचारलं.

“हो काका, कंडेन्सरच.”

आबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. इतकी उदारता विजेत्यांनाच परवडते. फक्त घरी असलं काही उघडू नका, वायर काढली तरी मोठ्या कॅपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, असं कारागीर बजावत होता. ते त्यांनी ऐकलं की नाही, शंका आहे. जुने दोन्ही मागून घेतले आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले. बागेतल्या कट्ट्यावर त्यांचं जाहीर प्रदर्शन झालं. तेव्हापासून सोसायटीतले सेट-टॉप बॉक्स सल्ल्यासाठी आमच्याकडे येतात.

आठवड्याने संपादकांचा मेल आला. लख्ख पडद्यावर आबांनीच मोठ्याने वाचला: लेख आवडला, जागेअभावी फक्त दुसरा परिच्छेद काढतो आहोत.

“माझाच काढला?” आबा म्हणाले. “फोन लाव बघू त्यांना.”