शेडमावशी

प्रत्येक घराण्यात सोन्यातलं कळणारा एक असतो, पत्रिकेतलं कळणारा एक असतो आणि कशातलंच काही कळत नसताना कार्यालय ठरवायला जाणारे चारपाच असतात. आमच्या घराण्यात या सगळ्यांच्या वर एक पद आहे, ते शेडमावशीचं. लग्न ठरलं की गुरुजींच्याही आधी तिला तारीख विचारतात. फाउंडेशनच्या खरेदीला मावशी नसली, तर मांडवात नवरीच्या तोंडावर जे काही दिसेल त्याची जबाबदारी घ्यायला कुणी पुढे येत नाही.

मावशीने पार्लरचा कोर्स वगैरे केलेला नाही. शाळेत विज्ञान शिकवून ती निवृत्त झाली आणि आता नारायण पेठेत राहते. "मी जन्मात तोंडाला पाण्याशिवाय काही लावलं नाही," असं ती सांगते. कार्यांचे फोटो वेगळं सांगतात, पण फोटोंना विचारतो कोण? शेडच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. एखादी काउंटरवाली मुलीच्या हातावर टेस्टर लावून "मॅम, परफेक्ट मॅच!" म्हणाली, की मावशी पदराने तो हात तिथल्या तिथे पुसते आणि विचारते, "बोहल्यावर मनगट दाखवायचंय का गं?"

मोहीम निघते ती सकाळी अकराला. दुकानातला दिवा हा दुकानदाराचा पगारी नोकर असतो, असं मावशीचं ठाम मत आहे. पिवळ्या दिव्याखाली तोंडात मिसळून गेलेली शेड उन्हात येताच वेगळी उभी राहते. म्हणून दुकानात फक्त पट्टे ओढायचे. जबड्याच्या कडेला, गालाकडून मानेकडे, तीन शेडचे तीन. मग मुलीला तशीच बाहेर न्यायची आणि तुळशीबागेच्या तोंडाशी भर गर्दीत उन्हाकडे तोंड करून उभी करायची. काउंटरवाली टेस्टरच्या बाटल्यांसाठी मागे धावते. पिशवी सांभाळत चाललेल्या एक आजी थांबून "डावीकडचा बरा" म्हणतात. कानातली विकणारा "मधला, ताई, मधला" असा कौल देतो. मागे खोळंबलेला स्कूटरवाला "कोणताही घ्या, पण रस्ता द्या" म्हणतो. मावशी कुणालाच उत्तर देत नाही. तिचा नियम एका ओळीचा आहे : जो पट्टा शोधावा लागतो, तो आपला.

पट्टा दिसेनासा झाला म्हणून बाटली घ्यायची असं मात्र नाही. तोंडाचं तेल आणि घाम मुरला की काही फाउंडेशनं अर्ध्या तासात काळपट पडतात. तो अर्धा तास मावशी मुलीला मिसळ खाऊ घालते, तीही झणझणीत. मुलगी हाशहुश करते, कपाळावर घाम येतो, डोळ्यांत पाणी येतं. मावशी चष्मा वर सरकवून जबडा न्याहाळत असते. "लग्नात होमासमोर बसायचंय तुला. काय व्हायचं ते आत्ताच होऊ दे." आमच्या घरातल्या कितीतरी मुलींना फाउंडेशन म्हटलं की अजून तर्रीचा वास येतो.

शेडपेक्षा अवघड असतो आतला रंग, ज्याला पार्लरवाल्या अंडरटोन म्हणतात. वरून दोघी सारख्याच गव्हाळ, पण एकीच्या कांतीत पिवळी झाक असते आणि दुसरीच्या कांतीत तांबूस. एकच बाटली पहिलीला शोभते आणि दुसरीला कावीळ झाल्याचं जाहीर करते. हे ओळखायला मनगटावरच्या शिरा बघतात. हिरवट दिसल्या तर पिवळी झाक, निळसर दिसल्या तर गुलाबी, दोन्ही दिसल्या तर मधली. मावशीचा यावर फारसा विश्वास नाही. दुकानांपुढे निळी ताडपत्री लावलेली असते आणि तिच्याखाली अख्ख्या पुण्याच्या शिरा निळ्या दिसतात. त्यापेक्षा ती पर्समधून एक पांढराशुभ्र हातरुमाल काढून गालाशी धरते, मग एका बाजूला सोन्याचं कानातलं आणि दुसऱ्या बाजूला चांदीचं. अशा वेळी एखादी भाची सांगते, "मावशी, माझा नंबर मला माहितीये. एनसी ४२." मावशी विचारते, "कशाचा? चष्म्याचा?"

वाट बघताना ती काउंटरवालीला रसायनशास्त्र शिकवते. "बाळ, या बाटलीत रंग म्हणून काय असतं सांग. पांढरं टिटॅनियम डायऑक्साइड आणि लोखंडाचे तीन ऑक्साइड, पिवळा, तांबडा आणि काळा. यातला तांबडा म्हणजे गंजाचाच सख्खा भाऊ. खिडकीच्या गजांवर तो फुकट मिळतो." मुलगी हसते. मग मावशी गंभीर होते. सावळ्या चेहऱ्यावर उजळ बाटली फासली की चेहरा गोरा होत नाही, राखाडी होतो. त्यात पांढरं जास्त, पिवळं-तांबडं कमी. यालाच बेस ग्रे पडणं म्हणतात. तेलकट त्वचेला मॅट घ्या. कोरडीला आधी मॉइश्चरायझर, नाहीतर बेस फुटतो आणि हसलं की गालावर भेगा दिसतात. खाली सिलिकॉनचा प्रायमर आणि वर पाण्याचं फाउंडेशन असं लावलं तर बहुतेक वेळा तोंडावर मळीच्या वळ्या निघतात. लग्नाच्या आठवडाभर आधी कानामागे थोडं लावून बघा, खाज सुटायची तर तिथे सुटू दे. बाटलीवर उघड्या डबीचं चित्र असतं आणि त्यात १२ लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. मावशीच्या घरी लोणच्याच्या बरणीवर आणि फाउंडेशनच्या बाटलीवर एकाच मार्करने तारीख घातलेली असते. कधीही तोंडाला काही न लावणाऱ्या बाईच्या घरी फाउंडेशनची बाटली काय करते, हा प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारलेला नाही.

एवढं ज्ञान आलं कुठून? पुस्तकातून नाही. ते आलं कांदेपोह्यांतून.

मावशीच्या सासरी मुली बघण्याचं मोठं काम चाले, कारण तिला दीर भरपूर होते. स्थळाच्या पत्रात 'गोरी' लिहिलेलं असे आणि खरं-खोटं करायला मावशीला पुढे धाडत. १९७५ साली अमेरिकेत फिट्झपॅट्रिक नावाच्या त्वचातज्ज्ञाने ऊन लागल्यावर कातडीचं काय होतं त्यावरून माणसांचे प्रकार पाडले. पुढे ते वाढत वाढत सहा झाले आणि डॉक्टरमंडळींना तेवढे पुरले. मावशीच्या सासूबाईंना सहा कुठले पुरायला? त्यांच्याकडे गोरीपान, गोरी, निमगोरी, उजळ, गव्हाळ, सावळी, काळीसावळी आणि 'रंग जरा कमी, पण नाकीडोळी नीटस' असे आठ प्रकार तोंडपाठ होते, आणि त्यांच्या मधल्या फटींतही मुली बसवता येत. मावशीची पद्धत ठरलेली. मुलीला "इथे उकडतंय, ओसरीवर बसू या" म्हणून उजेडात न्यायचं. चेहऱ्याकडे बघायचंच नाही. आधी कान, मग मान, मग पावलं. "चेहऱ्याला पावडर असते. कानाला कुणी लावत नाही." तिच्या या वाक्यावर किती स्थळं मोडली, याचा हिशेब चित्रगुप्ताकडेच मिळेल.

आणि ही विद्या तिला मिळाली होती तीही अशाच एका ओसरीवर. मावशी स्वतः चांगली सावळी. तिला बघायला आले तेव्हा तिच्या आईने तिच्या तोंडाला अफगाण स्नो लावून वर पावडर थापली होती. मुलाच्या आईने गोड हसत ओला रुमाल काढला आणि "धूळ लागलीय गं" म्हणून तिचा गाल पुसला. रुमाल पांढरा झाला, गाल सावळा झाला आणि ओसरी गप्प झाली. मावशी म्हणाली, "आता तुमचाही गाल द्या, रुमाल ओला आहे तोवर." लग्न ठरलं. त्या बाई पुढे तिच्या सासूबाई झाल्या आणि मुली बघायच्या खात्यावर त्यांनी तिचीच नेमणूक केली. गालावरून फिरलेला रुमाल तिच्या हाती आला आणि पुढची कितीतरी वर्षं तो इतरांच्या मुलींवर फिरला. पर्समधला तो पांढराशुभ्र हातरुमाल बघितला की मला उगीच हे आठवतं.

म्हणूनच मावशीचा एक दोष कुणाला समजत नाही, आणि मला चांगला समजतो. उन्हात उभं करून, मिसळ खाऊ घालून, सोनं-चांदी लावून ती शंभर टक्के बरोबर शेड काढते. काउंटरवाली बिल करायला घेते. तेवढ्यात मावशी हळूच पुढे वाकते आणि म्हणते, "ही बरोबर आहे. आता याच्या एक वरची दे."

कारण? "फोटोत बरं दिसतं." प्रत्यक्षात फोटोतच ते सगळ्यात वाईट दिसतं. फ्लॅश पडला की ते टिटॅनियम डायऑक्साइड प्रकाश जसाच्या तसा परत पाठवतं. आमच्या घराण्याचे अल्बम बघून एखाद्या मानववंशशास्त्रज्ञाने असाच निष्कर्ष काढला असता की इथे दोन भिन्न वंशांचे लोक मानेपाशी एकत्र नांदतात. मामी, आत्या, वहिनी, सगळ्यांची तोंडं एक शेड वर आणि हात जन्मजात. सगळ्यात पांढरी अर्थातच मावशी, जी तोंडाला काही लावत नाही.

तिला इतिहास ठाऊक नाही असंही नाही. १९३०च्या दशकात मॅक्स फॅक्टर या रंगभूषाकाराने हॉलिवूडच्या रंगीत चित्रपटांसाठी पॅनकेक काढला, तो तिथल्या गोऱ्या नटनट्यांसाठी. आपल्याकडे १९५२ साली टाटांनी लॅक्मे सुरू केली. फिट्झपॅट्रिकसाहेब ज्या वर्षी कातडीचे प्रकार पाडत होते, त्याच १९७५ साली इथे फेअर अँड लव्हली आली. २०१७ मध्ये रिहाना या गायिकेने एकदम ४० शेड बाजारात मांडल्या आणि बाकीच्या कंपन्यांना गडद रंगाची गिऱ्हाइकं अचानक दिसू लागली. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीच्या नावातलं 'फेअर' गेलं. मावशी म्हणते, "४५ वर्षं लागली त्यांना ते डबीवरून खोडायला. आपल्या घरातून जायला घाई कसली?"

घाई केली ती गेल्या हंगामात लग्न झालेल्या धाकट्या भाचीने. "एक वरची दे" ऐकताच ती काउंटरवालीला म्हणाली, "नको. मला मीच हवीय." मावशी गप्प राहिली. बिल झालं. रिक्षात ती एवढंच म्हणाली, "फोटो वाईट आले तर मला सांगू नकोस."

पण लग्न म्हटलं की आदल्या दिवशी हळद आलीच. सोमवारी जुळवलेली शेड शुक्रवारच्या पिवळ्याधमक नवरीला कशी जुळणार? पहाटे मेकअपवाली आली, एअरब्रशचं यंत्र जोडलं, नवरीकडे बघून हबकली आणि सवयीने विचारती झाली, "मॅम, दोन टोन अप करू का?" सगळ्यांनी मावशीकडे बघितलं. मावशीने हळद उतरवायला कच्चं दूध मागवलं, नवरीची मान तपासली, आणलेल्या बाटलीत मेकअपवालीच्या पेटीतल्या पिवळ्या शेडचे दोन थेंब मिसळायला लावले आणि म्हणाली, "मानेला जुळव. मान खोटं बोलत नाही." रंग जुळला. मावशीच्या कारकिर्दीत एक शेड वर न गेलेली ही पहिली नवरी.

तेवढ्यात नवरदेवाच्या खोलीतून निरोप आला. हल्ली नवरदेवालाही बेस लावतात. त्यांचा मेकअपवाला वाहतुकीत अडकला होता, तर मावशी जरा येतील का? मावशी पर्स घेऊन निघाली. आम्ही मागोमाग गेलो. खोलीत फेटा बांधलेले जावईबापू खुर्चीत, भोवती त्यांची आई, आत्या, काकू. मावशीने खोलीतल्या दिव्याकडे तुच्छतेने बघितलं. "इथे उकडतंय. गच्चीत चला." जावईबापू गच्चीत आले. मावशीने त्यांची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं, आधी कान बघितले, मग मान, मग मोजडी काढायला लावून पावलं बघितली. जबड्यावर तीन पट्टे ओढले. पर्समधून पांढरा हातरुमाल काढून गालाशी धरला, आणि वर गेलेल्या भुवया खाली न आणता विहीणबाईंना म्हणाली, "तुमच्या पत्रात मुलगा गोरा लिहिला होता. गव्हाळ आहे. आमची काही हरकत नाही."