‘म’ची फाळणी

सब्जेक्टमध्ये ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ लिहून पाठवलेली ईमेल काही पडद्यांवर ‘वार्षिक स्नेहसं��ेलन’ होऊन उतरते. ‘म’ गेला, जागी शंकरपाळीच्या आकाराची दोन प्रश्नचिन्हं आली आणि मागे बिचारी मात्रा निराधार राहिली. याला योगायोग म्हणणाऱ्यांनी हिशेब पाहावा. ईमेलच्या मथळ्याला 1982च्या नियमांनी इंग्रजीपुरतीच 128 चिन्हं शिकवली. म्हणून मराठी सब्जेक्ट रोमन अक्षरांत गुंडाळून, तुकडे करून पाठवायचा, आणि एक तुकडा 75 चिन्हांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. वेष्टण वजा जाता त्यात साधारण 45 बाइट मावतात. मराठीचं अक्षर, मात्रा, अनुस्वार, अगदी पाय मोडल्याची खूणसुद्धा प्रत्येकी तीन बाइटची. म्हणजे पंधरा बरोब्बर बसावीत. पण ‘वार्षिक’नंतर मोकळी जागा येते, ती खाते एकच बाइट, आणि सुरी नेमकी ‘म’वर पडते: दोन बाइट अलीकडे, एक पलीकडे.

आता, अक्षर असं कापू नये हे 1996च्या नियमात स्वच्छ लिहिलंय. तरी कापणारे कापतात, कारण काही प्रोग्रॅम सगळे तुकडे आधी जोडतात, मग वाचतात, आणि गुन्हा झाकला जातो. नियम पाळून एकेक तुकडा वेगळा वाचणारा प्रोग्रॅम मात्र बदनाम! तक्रार केली की ठरलेलं उत्तर: ‘आमच्याकडे तर नीट दिसतंय.’ अहो, तुमच्याकडे दिसावं म्हणून पाठवली होती का? कोणी म्हणेल, सगळ्यांनीच जोडून वाचावं, थोडा मनाचा मोठेपणा दाखवावा. पण दोन तुकडे दोन वेगळ्या लिपिसंचांतले असू शकतात, तशी मुभाच आहे. सरसकट जोडलं तर बरोबर पाठवणाऱ्याचा विचका. आणि हा मोठेपणा म्हणजे कापणाऱ्याला कायमचा जामीन. 2012 पासून मथळ्यात थेट यूनिकोड पाठवायची सोयही आहे, फक्त वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने होकार द्यायला हवा. राहिला तो सनातन सल्ला, ‘रोमनमध्ये लिहा ना!’ म्हणजे यंत्राला भागाकार जमत नाही म्हणून माणसाने लिपी सोडायची? खरी आशा आता इमोजीवर आहे. तो बहुधा चार बाइटचा, तोही याच सुरीखाली येतो. ‘म’साठी कोणी जागचं हलणार नाही, पण सेलच्या सब्जेक्टमधला फुगा असा फुटला, की मार्केटिंगवाले तासाभरात बैठक बोलावतील.