कॅम्प नंबर सहा

विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला नुसतं 'चार नंबर' म्हटलं की तो मीटरकडे न बघता रिक्षा सुरू करतो. चार नंबर म्हणजे कॅम्प नंबर चार. आमच्याकडे पत्ते असेच सांगतात. मावशी पाच नंबरात राहते, दातांचे डॉक्टर तीन नंबरात बसतात, लग्न दोन नंबरात आहे. एक ते पाच असे पाच कॅम्प, आणि एकातही तंबू नाही.

मराठीत या शब्दाचं नशीबच तसं असावं. पुण्यात लोक कॅम्पात जातात ते बिस्किटं आणायला. देवळालीच्या कॅम्पात गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडून असत, आणि त्यांच्या डोक्यावर असा काही परिणाम होई की इंग्रजीला वेडसरपणासाठी 'डूलाली' हा शब्द देवळालीवरूनच मिळाला. आमचा कॅम्प दुसऱ्या महायुद्धातला. कल्याणजवळच्या माळावर सैनिकांसाठी बराकी उठल्या. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या, तोवर फाळणी झाली आणि सिंधमधून आलेली माणसं त्यांत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी स्वतः येऊन 'उल्हासनगर' असं बारसं करून गेले. नाव रीतसर बदललं, पण रिक्षावाल्यांना अजून कुणी कळवलेलं नाही.

त्यामुळे चिरंजीवांनी जेव्हा "आई, या कोजागिरीला आपण सगळे कॅम्पिंगला जाऊ," असं जाहीर केलं तेव्हा मी भाजी चिरता चिरता सवयीने विचारलं, "कुठल्या नंबरात?"

"समुद्रावर. आक्षीला. वाळूत तंबू ठोकायचा, रात्रभर चांदण्यात बसायचं, मसाला दूध प्यायचं."

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. गच्चीवर पातेलं ठेवून शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागून चंद्र कधी सुटतो याची वाट बघण्यात आमच्या वीस कोजागिऱ्या गेल्या होत्या.

तंबू बाजारातूनच आणला. त्यावर कुठल्याशा परदेशी कंपनीचं नाव होतं, पण त्यात एक अक्षर जास्त होतं. आत कोपऱ्यात 'मेड इन यूएसए'. आमच्या गावात यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद एवढा जुना आहे की आता त्याला कुणी हसत नाही, पण सांगतात मात्र सगळे. दुकानदारानेही सांगितला आणि वर "पाणी नाही शिरणार, गॅरंटी," असं म्हणाला. पिशवीवर 'चार माणसांसाठी' असं छापलं होतं. ही चार माणसं कुठली मापून घेतात कोण जाणे. आमची चार आत शिरली तेव्हा ह्यांचे पाय गुडघ्यापासून बाहेर होते.

हा प्रयोग अर्थात गच्चीवर झाला. काड्या एकमेकींत अडकवून कमान करायची, ती कापडाच्या बोगद्यातून न्यायची, मग चार कोपरे ताणायचे. एवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी जिना चढून आले. आमच्या शहरात गच्चीवर काहीही उभं राहिलं की ते वाढीव बांधकाम असू शकतं, ही शंका सेक्रेटरींच्या रक्तात असते. त्यांनी तंबूला एक प्रदक्षिणा घातली, एक खुंटी चपलेने हलवून पाहिली, आणि "किती दिवस?" एवढंच विचारलं. "फक्त आज, तात्पुरता आहे," असं हे म्हणाले.

त्यांच्यामागून तळमजल्यावरच्या दादी आल्या. दादी नव्वदीकडे झुकल्या आहेत. आठेक वर्षांच्या असताना कराचीहून बोटीने मुंबईला उतरल्या आणि तिथून कॅम्पात. एका लांबलचक बराकीत गोणपाटाचे पडदे लावून अनेक घरं केलेली. पलीकडच्या घरात भाजी कुठली शिजतेय ते वासाने कळायचं आणि भांडण कुठलं शिजतंय ते पडदा हलला की. दादींनी वाकून तंबूत डोकावलं, कापड दोन बोटांत चुरगाळून पाहिलं आणि विचारलं, "याला पैसे पडले?"

"हो, दादी."

"आणि तिकडे जायला पण?"

"हो."

दादी काही बोलल्या नाहीत. नुसत्या मान हलवत राहिल्या.

निघण्याआधी ह्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढून भरतीचं गणित मांडलं. कोकणात सर्रास चालणारा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हे जमतं. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. "सव्वाअकराला भरती. आपण पोचणार संध्याकाळी पाचला. म्हणजे तोवर पाणी गेलेलं असेल," असं म्हणून ह्यांनी दिनदर्शिका पुन्हा खिळ्याला लावली. मी अभिमानाने पाहिलं. तीस वर्षं बँकेत नोकरी केलेला माणूस. हिशेब चुकलाही नव्हता.

सकाळची लोकल पकडून भायखळा, टॅक्सीने भाऊचा धक्का, तिथून रेवसची लाँच, मग एसटी आणि शेवटी रिक्षा. तंबूची पिशवी बघून एसटीत एका बाईंनी मला "कुठला बँड आहे?" असं विचारलं. वाटेत दोन्ही बाजूंना वाड्या लागतात. नारळ, त्यांच्याखाली सुपाऱ्या, सुपारीवर चढलेले मिरीचे वेल, मधून पाण्याचा पाट. विठ्ठलवाडीत वाडी म्हणजे फलाटावरच्या पिवळ्या पाटीवरची दोन अक्षरं, त्यामुळे वाडी या वस्तूला एवढं गार वाटतं हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं.

आक्षीच्या किनाऱ्यावर सुरूचं बन आहे. बन संपलं की वाळू, आणि वाळूत मधेच एक रेघ. सुकलेलं शेवाळ, थर्माकोलचे तुकडे, बाटल्या, एकेकट्या चपला, नारळाची करवंटी असं काय काय ओळीने पडलेलं, दोन्हीकडे नजर जाईल तिथवर. "शी, किती घाण करतात लोक," असं मी म्हटलं. चिरंजीव म्हणाले, "आई, आपली वालधुनी उल्हास नदीला मिळते, उल्हास वसईच्या खाडीला, आणि खाडी समुद्राला. यातली एखादी चप्पल विठ्ठलवाडीची असेल." ती शक्यता मनावर न घेता आम्ही रेघ ओलांडून पुढे गेलो. तिथे वाळू धुतल्यासारखी स्वच्छ, घट्ट आणि सपाट होती, आणि समुद्र पार लांब. तिथेच तंबू ठोकला.

ती वाळू धुतल्यासारखी का दिसत होती, हा प्रश्न चौघांपैकी एकालाही पडला नाही.

एक मामा बैलगाडी घेऊन चालले होते. थांबून म्हणाले, "हितं नका लावू. आज उधान हाय, पानी वर येल. सुरूच्या आत या." ह्यांनी त्यांना पाऊणपटीचा हिशेब समजावून सांगितला, कोकणच्या माणसाला, समुद्राकडे बोट दाखवून. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बैलाला म्हणाले, "चल."

मी मात्र खाली बघत बसले होते. ओल्या वाळूत मसुराएवढी भोकं, आणि प्रत्येक भोकाभोवती मोहरीसारख्या वाळूच्या गोळ्या, ओळीने मांडलेल्या. जरा हलायचं थांबलं की भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर येतो, वाळू तोंडात घालतो, तिच्यातलं काय मिळेल ते खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. पुन्हा एक पाऊल, पुन्हा एक गोळी. अर्ध्या तासात त्याने दारापुढे केवढी तरी रांगोळी काढली. माझी सावली पडली की आत. घर, दार, रांगोळी, सगळं पुढच्या भरतीपर्यंतचं, आणि तरी एवढी टापटीप. मी सासूबाईंना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बघ. आणि तू म्हणतेस दिवाळीला विकतचे छाप लावू."

सूर्य बुडाल्यावर आम्ही समुद्राकडे तोंड करून चंद्राची वाट बघत बसलो. सात वाजले. चंद्र येईना. सासूबाईंनी कधीतरी कंबर मोकळी करायला मान वळवली आणि त्या म्हणाल्या, "अरे, हा तर मागे आहे." तो सुरूच्या शेंड्यांवर हातभर चढून आमच्या पाठींकडे बघत होता. पश्चिमेच्या समुद्रातून चंद्र उगवेल असं आम्हा चौघांना, त्यांतल्या एका इंजिनीअरसह, का वाटलं असावं? सिनेमात समुद्र आणि चंद्र नेहमी एकाच चौकटीत असतात, एवढंच कारण सुचतं.

आम्ही पाठ फिरवली. आता चंद्र समोर आणि समुद्र मागे.

मला समुद्राच्या आवाजाने झोप येत नाही, हा त्या रात्रीचा शोध. मी रुळांशेजारी झोपणारी बाई. कर्जत फास्ट धडधडत गेली की कूस बदलते, 'कृपया लक्ष द्या' ऐकू आलं की गाढ झोपते. गाडी येते, जाते, मग शांत होतं. लाट येते आणि जातच नाही, तिच्या मागे दुसरी उभीच. सासूबाई घोरत होत्या, मी नऊपासून दहापर्यंत जागी. दहानंतर आवाज जवळून यायला लागला. मला वाटलं, रात्री सगळेच आवाज जवळचे वाटतात.

अकराला हे दूध तापवायला उठले. शेगडी पेटवली, केशर घातलं, आणि मग त्यांनी जो शब्द उच्चारला तो मी लग्नानंतर प्रथमच ऐकला. शेगडीभोवती पाणी होतं.

ते फार सभ्यपणे आलं. मोठी लाट वगैरे काही नाही. एक पातळ, चांदण्याने चकाकणारा थर वाळूवरून सरपटत आला, तंबूच्या कडेला लागला, आणि परत गेला. पुढच्या खेपेला आणखी एक हात वर. भरती दिवसातून दोनदा येते. सकाळी सव्वाअकराला आलेली रात्री साडेअकराच्या पुढेमागे पुन्हा येणार, आणि पौर्णिमेची म्हणजे उधाणाची. हिशेब बरोबर होता, तो अर्धाच मांडला होता.

पण पाणी घरात शिरलं की काय करायचं हे विठ्ठलवाडीच्या माणसाला शिकवावं लागत नाही. २६ जुलै २००५ ला वालधुनी आमच्या तेव्हाच्या तळमजल्यावर आली होती. त्या रात्रीचा क्रम सासूबाईंच्या अंगात भिनलेला. त्या खडबडून उठल्या, "आधी खाण्याचं, मग अंथरूण, मग कपडे, भांडी शेवटी," असा हुकूम सुटला, आणि कुणी काही न बोलता साखळी लागली. चिरंजीवांनी डोक्यावर गाद्या घेतल्या. मी डबे आणि पर्स. हे एका हातात दुधाचं पातेलं आणि दुसऱ्या हातात पेटती शेगडी घेऊन समुद्रातून चालत येत होते. चारच खेपा झाल्या, दहा मिनिटंही लागली नसतील. चपलांची ती रेघ ओलांडल्यावर आम्ही थांबलो. पाणी रेघेपर्यंत आलं, तिथे त्याने आणखी दोन बाटल्या ठेवल्या आणि ते थांबलं.

तंबू मात्र तसाच उभा होता, घोटाभर पाण्यात, आतून कंदिलासारखा पिवळा. बॅटरी आत राहिली होती. दहा मिनिटांनी ती विझली. ती खरी परदेशी होती, भाच्याने जर्मनीहून पाठवलेली. तंबूच्या आत मात्र थेंब नव्हता.

सुरूच्या आत मामा बसलेच होते, एका पडलेल्या खोडावर. "आलात?" एवढंच विचारलं. ह्यांनी त्यांना पहिला कप दिला. दुधात वेलची, केशर, आणि थोडी वाळू होती. कोजागिरीला लक्ष्मी 'कोण जागं आहे?' असं विचारत फिरते म्हणतात. आम्ही चौघेही जागे होतो, गुडघ्यापर्यंत ओले.

सकाळी मामांनी गावातला शिलालेख दाखवला. वर चंद्रसूर्य, मधे ओळी, खाली गाढवाचं चित्र, म्हणजे दिलेलं दान मोडणाऱ्याला शिवी. शके ९३४, इसवी सन १०१२. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत याची गणना होते. शिलाहारांच्या केसिदेवाचा आहे, आणि त्यात तो स्वतःला पश्चिम समुद्राचा अधिपती म्हणवतो. आमच्या शेजारच्या अंबरनाथचं शिवमंदिर त्याच घराण्याचं, तिथला लेख शके ९८२ चा. म्हणजे हजार वर्षांपूर्वी आक्षी आणि आमचं गाव एकाच राज्यात होतं, आणि राजा समुद्राचा मालक होता. हे वाकून ते वाचत होते. पँट अजून ओली होती, मिठाने कडक झालेली. "अधिपती," असं स्वतःशी म्हणून ते सरळ झाले आणि पुढे काही बोलले नाहीत.

घरी आल्यावर तंबू गच्चीवर वाळत घातला. खारं पाणी लवकर वाळत नाही, म्हणून आठ दिवस राहू दिला. आतली वाळू झटकायची म्हणून पुन्हा ताणून उभा केला. उभा आहेच म्हणून सासूबाईंनी आत उडदाचे पापड घातले, कबुतरांचा त्रास नाही. मग चिरंजीव तिथून फोनवर मीटिंगा करायला लागले. खालच्या मजल्यावरची मुलं शाळेतून आली की दप्तरं आत टाकून खेळायला पळतात. डिसेंबर उजाडला.

परवा सेक्रेटरी पुन्हा वर आले. "हे कधी काढताय?"

"वाळला की काढतो," असं हे म्हणाले. "तात्पुरताच आहे."

तंबूतून दादींचा हसण्याचा आवाज आला. त्या आत मेथी निवडत बसल्या होत्या. हसता हसता खोकला लागला, मी पाणी दिलं. मग त्यांनी डोकं बाहेर काढून सेक्रेटरींना जवळ बोलावलं आणि सांगितलं, आता आलाच आहेस तर जरा हात लाव, याचं दार पश्चिमेला करू या, संध्याकाळी वारा तिकडून येतो.