कॅप्टन आरशात बघतोय

बुलेट क्लबातला कॅप्टन सोमवार ते शुक्रवार हिंजवडीला कंपनीच्या बसने जातो, खिडकीला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं ठेवून. रविवारी पहाटे पाचला मात्र हाच माणूस चांदणी चौकाजवळच्या पेट्रोल पंपावर कमरेवर हात ठेवून उभा असतो. कुणी उशिरा आलं की तो घड्याळाकडे बघत नाही, त्या माणसाकडे बघतो. अंगात कोपरांना कवच असलेलं जॅकेट, आणि जॅकेटच्या छातीवर शिवलेला बिल्ला: ‘खारदुंग ला, 18,380 फूट’. ती खिंड मोजणाऱ्यांनी केव्हाच साडेसतरा हजारांच्या आसपास आणून ठेवली आहे. कॅप्टनच्या जॅकेटवरून ते आठशे फूट अजून उतरलेले नाहीत.

निघण्याआधी ब्रीफिंग. ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा, दिवेआगर, मग किनाऱ्याने श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि वेळ उरला तर बागमांडल्याची फेरीबोट. हे सगळं आदल्या रात्री प्रत्येकाच्या फोनवर येऊन गेलेलं असतं, तरी तोंडी होतंच. लीडला कोण, हे विचारायचं नसतं. शेवटी स्वीप. त्याच्या पिशवीत क्लच वायर, प्लग, पान्हे, पंक्चरचं सामान आणि इतरांनी घरी विसरलेलं सगळं. मधले लोक एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन सेकंदांचं अंतर राखून. ओव्हरटेक करायचं नाही. कॅप्टनला तर नाहीच नाही.

दोन सेकंदांचं अंतर ऐकायला बरं वाटतं. पौड सुटलं की पहिल्याच एसटीला त्यात स्वतःची जागा दिसते. लाल गाडी तिसऱ्या-चौथ्याच्या मधे शिरते आणि मुळशीचं पाणी दिसेपर्यंत आमच्यापेक्षा जास्त शिस्तीने चालते. कॅप्टन आरशातून तिच्याकडे बघतो, ड्रायव्हरने वर्गणी बुडवल्यासारखं.

त्याच्या खुणा हा वेगळा अभ्यास आहे. मूठ वर म्हणजे थांबा. एक बोट वर म्हणजे एका रांगेत या. डावीकडे खड्डा असेल तर डावा हात खाली, उजवीकडे असेल तर उजवा पाय बाहेर. पावसाळा नुकताच संपलेला असला की घाट उतरल्यावर त्याला पाय आत घ्यायला सवडच मिळत नाही. एका टपरीवरच्या म्हाताऱ्याने त्याला बाकडं पुढे करत विचारलं होतं, “लागलंय का हो पायाला?”

टपरीवर चहाबरोबर बुलेटचं पुराण निघतं. 1955 साली मद्रासला कंपनी निघाली तिथून सुरुवात. मग जुन्या साडेतीनशेचं इंजिन: बोअर सत्तर मिलिमीटर, स्ट्रोक नव्वद. स्ट्रोक लांब, म्हणून ठोका सावकाश, म्हणून तो आवाज. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला असेल तीच खरी बुलेट, बाकीच्या नुसत्या मोटारसायकली. एवढं सांगून तो उठतो, डाव्या पायाने गिअर बघतो आणि बटन दाबून गाडी सुरू करतो. (कुणी हसत नाही. पुढच्या राइडच्या यादीत नाव त्याच्याच हातात असतं.) एरवी त्याची थट्टा करणारे आम्ही सगळे ताम्हिणीत धुकं उतरलं की मुकाट्याने त्याच्याच लाल दिव्यामागे जातो, हेही सांगायला हवं.

दिवेआगरला घरगुती खानावळीत काकू विचारतात, “किती पानं?”

“एकवीस रायडर्स.”

“रायडर असूदेत. माशाची किती, शाकाहारी किती? आणि मोदक सांगितले होते का?”

कॅप्टनला पेट्रोल किती लिटर लागेल, सूर्य किती वाजता मावळेल, सगळं ठाऊक असतं. मोदक आधी सांगावे लागतात हे ठाऊक नसतं. तेवढ्यात मागून स्वीप म्हणतो, “काल फोन केलाय काकू. माशाची चौदा, शाकाहारी सात.”

ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो रस्ता हाच: दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा. समुद्र इतका जवळ की भरतीला तुषार चेहऱ्यावर येतात. दक्षिणेकडे जाताना तो उजव्या हाताला असतो, म्हणजे कॅप्टनच्या उजव्या आरशाच्या बरोबर पलीकडे. कॅप्टन आरशात बघतो. स्वतःचा दिवा धरून सतरा, अठरा, एकोणीस. दोन दिवे कमी. मूठ वर! सगळी रांग थांबते. मागे राहिलेले दोघं कठड्यावर बसून समुद्र बघत असतात. त्यांना बोलणी बसतात. समुद्र कसा होता, हे कॅप्टन संध्याकाळी इतरांच्या फोटोंत बघतो आणि खाली अंगठा देतो.

श्रीवर्धनला इतिहास. बाळाजी विश्वनाथ इथले, 1713 साली पेशवे झाले, हे तो अशा थाटात सांगतो की नेमणुकीचं पत्र यानेच टाइप केलं असावं.

बागमांडल्याला मात्र सावित्रीच्या खाडीशी त्याचं राज्य संपतं. बोटीवरचा पोरगा, हाफ पँट, तोंडात शिट्टी. फॉर्मेशन-बिर्मेशन त्याला ठाऊक नाही. “ओ बुलेट, तिकडं कोपऱ्यात. अजून आत. अजून. गिअरात टाका नि उतरा खाली.” कॅप्टन उतरतो. त्याच्या गाडीपुढे एक टेम्पो लागतो, टेम्पोपुढे मासळीची टोपली घेतलेल्या बाईची स्कूटर. वेसवीच्या धक्क्यावर फळी पडते तेव्हा आधी स्कूटर जाते, मग टेम्पो, मग आम्ही सगळे, स्वीपसुद्धा. शेवटी कॅप्टन.

वर रस्त्यावर आम्ही आपापल्या जागा धरून, पुढची जागा मोकळी सोडून उभे. तो येतो, पुढे जाऊन लागतो, आरसा नीट करतो, दिवे मोजतो. एकवीस. ग्रुप फोटो होतो. पुढचा रस्ता प्लॅनमध्ये नसल्याने मूठ वर, एक बोट वर, आणि सगळी रांग वळून पुन्हा त्याच बोटीकडे.

“परतीचं तिकीट वेगळं,” पोरगा म्हणतो. “आणि बुलेट कोपऱ्यात.”