फाटकाबाहेर रडण्याची रीत

शिशुगटात प्रवेश घ्यायचा तर ३१ डिसेंबरला मुलाचं वय ३ वर्षं पूर्ण लागतं. पालकाच्या वयाला अशी कुठलीच अट नाही, आणि जूनच्या मध्याला शाळांच्या फाटकांबाहेर जे चालतं ते त्यामुळेच. (विदर्भात उन्हापायी शाळा उशिरा उघडतात, म्हणून तिकडच्या पालकांना सरावाला थोडे दिवस जास्त मिळतात.)

तयारी आदल्या रात्री सुरू करावी. मुलाला लवकर झोपवावं, स्वतः झोपू नये. दप्तर भरावं, उपसावं, परत भरावं. रुमाल, बाटली, रेनकोट, जादाची चड्डी, सगळ्यावर नाव घालावं, चड्डीवर आडनावासकट. डब्यात पोळी-भाजीच द्या, असं शाळेनं छापून दिलेलं असतं. तरी आजी शिरा करतेच. तिला अडवू नये. तिनं तुम्हाला शाळेत घातलेलं आहे.

फाटकाशी निरोप एकदाच घ्यावा. "जाऊ ना मी?" असं विचारू नये. मूल "नको" म्हणतं, आणि खरं सांगायचं तर तेवढंच ऐकायला आपण विचारलेलं असतं. मावशींशी हुज्जत घालू नये. त्या पोराला काखोटीला मारतात, "निघा आता" म्हणतात आणि तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे मूल न रडणं. शेजारच्या मुलानं बापाच्या शर्टाचं बटण तोडलेलं असतं आणि आपली लेक वळूनही न बघता घसरगुंडीकडे धावते. अशा वेळी चेहऱ्यावर कौतुक आणावं आणि "आमची पहिल्यापासून धीट आहे हो" असं चारचौघांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणावं. आत जे खुपतं तो शुद्ध अपमान असतो. त्याला माया वगैरे म्हणू नये. अगदीच आवरेना तर रेनकोटची टोपी पुढे ओढावी. शाळा पावसाळ्यात उघडण्याचा हा एक फायदा.

त्यानंतर घरी जावं. हे कुणालाच जमत नाही. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असं ताराबाई मोडकांनी ठरवलं आणि त्यातून अंगणवाडी निघाली. आजचा पालक उलटा: पोर शाळेत गेलं की तो घरचं अंगण उचलून फाटकासमोर आणतो. समोरच्या टपरीवर चहा होतो, मग दुसरा होतो, आणि आतून कुठल्याही पोराचा सूर लागला की सगळे बाप एकदम उठतात. "आमचाच!" अशी पैजेनं खात्री देणारे निदान तिघे निघतात.

शाळा सुटल्यावर प्रश्न मोजके विचारावेत.

"काय केलंस आज?"

"काही नाही."

"बाई कशा आहेत?"

"मोठ्या."

"शिरा खाल्लास?"

"अथर्वनी खाल्ला."

अथर्व कोण, हे विचारायला लगेच पालकांच्या ग्रुपवर धावू नये. आधी ऑफिसला फोन करून उद्याची रजा टाकावी. शाळेत रोज जायचं असतं, हे मुलांना दुसऱ्या दिवशी कळतं.