केनचं तेरावं

भाटघर धरणाच्या पायथ्याशी 16 मेगावॅटचं वीजघर आहे. तिथून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या घरातली वीज मात्र 1990च्या दशकात जायची ती नेमकी ‘कॉन्ट्रा’ या व्हिडिओ गेमच्या शेवटच्या टप्प्यावर. कॅसेट काढून तिच्या पोटात फुंकर मारायची, वर-वर-खाली-खाली असं बटणांचं स्तोत्र म्हणून तीस जीव पदरात पाडून घ्यायचे, त्यातले सव्वीस खर्चून राक्षसापर्यंत पोचायचं आणि फट्. वीज आली की पुन्हा पहिलं जंगल, पुन्हा तीच झाडी. धरण समोर भरलेलं असायचं, हे दुःख वेगळंच.

परवा भाचा मोबाइलवर सॉनिकचं जुनं कॉमिक वाचत बसला होता. तोंड कडू करून म्हणाला, “मामा, यात तो पळतच नाही. नुसता बोलतोय.”

एवढ्या वाक्यात सगळी समीक्षा झाली. सॉनिक 1991 साली गेममध्ये आला तो पळायला. निळा साळिंदरासारखा प्राणी, सोन्याची कडी गोळा करायची, उड्या मारायच्या, पुढे पळायचं. गोष्ट म्हणाल तर पोस्टकार्डाच्या पाठीवर मावेल. आता पोस्टकार्डावरून महिन्याला अंक कसा काढणार? आर्ची कॉमिक्सने 1993 पासून 2017 पर्यंत 290 अंक काढले. गोष्ट कमी पडली की आपल्याकडे जे घालतात तेच त्यांनीही घातलं: राजघराणं. सॅली नावाची राजकन्या, लपलेलं गाव, बंडखोरांची पलटण, बापलेकाचे रुसवेफुगवे. पळणाऱ्या गड्याला धरून ग्रामसभेत बसवलं. पुढे एका लेखकाने कोर्टात सांगितलं, की यातली बरीच पात्रं माझी. म्हणजे भाऊबंदकीही आली, सातबाऱ्याचा वादही आला. 2013 साली कॉमिकचं विश्वच नव्याने मांडलं आणि कितीतरी पात्रं एका रात्रीत बेपत्ता झाली. पुनर्वसन नाही, मोबदला नाही. धरणाकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पण राजकन्या घातली म्हणून मी चिडणार नाही. पदरची पात्रं घातल्याशिवाय कीर्तनसुद्धा रंगत नाही. माझी तक्रार निराळी आहे. गेममध्ये आपण सगळ्यात जास्त काय करतो? मरतो. खड्ड्यात पडून मरतो, काट्यावर मरतो, त्याच खड्ड्यात पुन्हा मरतो. मग एकदा कधीतरी उडी बसते आणि आईला हाक मारून दाखवावीशी वाटते. कॉमिकमधला नायक ती उडी पहिल्याच चौकटीत मारतो. चाळीस वेळा पडलेला मी त्या चौकटीत कुठे आहे? मला वगळूनच गोष्ट लिहिली!

आणि मरण घातलंच, तर ते कसं घालतात पाहा. मलिबू नावाच्या प्रकाशनाने 1993 साली ‘स्ट्रीट फायटर’ या गेमचं कॉमिक काढलं आणि त्यातल्या लढवय्या केनला ठार मारलं. वर त्याच्या डोक्याची कातडी सोलून त्याच्या मित्राला, र्‍यूला पाठवली. अहो, केनला! नाणं टाकलं की केस झटकत उठणारा केन! गल्लोगल्लीच्या पार्लरमध्ये पोरांनी त्याला दिवसातून शंभरदा आडवा केला आणि शंभरदा उठवला. यांनी मात्र त्याचं तेरावंही उरकलं. मालिका तीन अंकांत आटोपली. केनपेक्षा ती कमी जगली.

भाच्याला हे ऐकवत असताना आजोबा पलीकडे सुपारी कातरत होते. त्यांना गेमही माहीत नाही आणि कॉमिकही. पण राक्षसाशी झुंज म्हटलं की त्यांना शिवरायांचे येसाजी कंक आठवतात. समोरच्या जलाशयाला नावच त्यांचं, आणि गाव भुतोंडे, इथलंच, वेळवंड खोऱ्यातलं. लॉइड साहेबाच्या नावाचं धरण, पण पाणी येसाजींचं, हे आजोबांचं ठरलेलं वाक्य. मग गोवळकोंडा, कुतुबशहाचा दरबार, झुलणारा हत्ती. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. आजोबांना दुपारी जेवण बरं मिळालं असेल तर हत्ती थोडा मोठा होतो. एका वर्षी तो मदमस्त होता, पुढच्या वर्षी त्याला दारू पाजली होती. सोंडेवर घाव मात्र दरवेळी एकच.

भाच्याने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला होता. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“किती ट्राय लागले?”

“कसले?” आजोबा.

“म्हणजे किती वेळा हरले आधी?”

“एकदाही नाही. हरला असता तर राहिला असता का?”

“म्हणजे लाइफ एकच?”

“एकच.”

भाचा जरा वेळ धरणाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आणि हत्तीला?”

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मी आजोबांकडे बघितलं. अडकित्ता तसाच उघडा राहिला.